दहा मिनिटांना अठरा मिलिमीटर

खुर्ची खाली जाते आहे, हे सगळ्यात आधी समुद्रापलीकडच्या लोकांच्या लक्षात आलं.

"तुमचा तो इंजिनिअर बरा आहे ना?" मुख्य ऑफिसातल्या एका बाईंनी कॉल संपल्यावर मॅनेजरला विचारलं. "सुरुवातीला तो गळ्यापर्यंत दिसतो. मग हनुवटी जाते, मग तोंड जातं. शेवटी नुसते डोळे उरतात. आमचं बोलणं त्याला सहन होत नाही का?"

मॅनेजरनं तो प्रश्न जसाच्या तसा खाली ढकलला. मॅनेजर याच कामासाठी असतात. ज्याच्यापर्यंत तो पोचला, त्याला ऑफिसात सगळे दशांश म्हणत. "किती वेळ लागेल?" असं विचारलं की बाकीचे इंजिनिअर "होईल उद्यापर्यंत" म्हणून मोकळे होत, हा मात्र "सहा पूर्णांक चार तास" म्हणे, आणि वर तो चार कुठून आला तेही समजावून सांगे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तो सॉफ्टवेअरमध्ये आला होता. एखादी गोष्ट न मोजता तिच्याबद्दल मत बनवणं त्याला असभ्यपणाचं वाटे.

तेव्हा त्यानं मोजलं. शेजारच्या पार्टिशनवर पट्टी चिकटवली, खुर्चीच्या पाठीला पेन्सिल बांधली आणि काम करता करता दिवसभर नोंदी घेतल्या. संध्याकाळी आलेख काढला. सरळ रेषा! दहा मिनिटांना अठरा मिलिमीटर. तासाभराच्या कॉलमध्ये दहा पूर्णांक आठ सेंटिमीटर, म्हणजे आरशासमोर मोजल्याप्रमाणे बरोबर हनुवटीपासून डोळ्यांच्या खालपर्यंत. तळाला गेली की उठायचं, दांडा ओढायचा, खुर्ची फुस्सकन वर यायची आणि पुन्हा तोच प्रवास. रेषा इतकी सुंदर आली होती की क्षणभर त्याला खुर्चीबद्दल आदरच वाटला.

एरवी हे चाललंही असतं. पण पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मुख्य ऑफिसातले बडे साहेब स्वतः कॉलवर येणार होते. गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर ठेवायचं हे ठरवणारा एक प्रोग्राम दशांशनं दीड वर्ष खपून लिहिला होता, तो त्यांना दाखवायचा होता. टीम लीडची जागा दोन महिने रिकामी होती. "गुरुवार नीट पार पडला की जागा तुझीच," असं मॅनेजरनं खासगीत सांगितलं होतं. दशांशनं ते खासगीत बायकोला सांगितलं, बायकोनं खासगीत सासूला सांगितलं, आणि आईनं खासगी हा शब्द गाळून बाकी सगळं बिल्डिंगला सांगितलं. मावशीला तर तिनं "झालाच समज" असं फोनवर कळवून टाकलं होतं.

अशा माणसानं बड्या साहेबांसमोर हळूहळू बुडत जाणं बरं दिसलं नसतं.

ऑफिसातल्या खुर्च्या, टेबलं, दिवे आणि एसी सांभाळणारे एक गृहस्थ होते. खिशात कायम पाना असल्यामुळे त्यांचं नाव पानामामा पडलं होतं. अंगानं काडी. ते आले, खुर्चीत बसले, दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि उठले.

"काही नाही झालंय हिला."

"मामा, दोन मिनिटांत तीन पूर्णांक सहाच मिलिमीटर जाणार. तुम्हाला कळणार कसं? तासभर बसा ना."

"तासभर?" पानामामांनी पाना खिशात टाकला. "साहेब, तेरा वर्षांत मला इथे कुणी तासभर बसू दिलेलं नाही. माझं कामच उभ्याचं आहे." आणि त्यांनी तक्रारीवर शेरा मारला: दोष आढळला नाही. तक्रार बंद.

हे ऐकून पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी मनापासून हसलं. ती रीओपन होती. ती टेस्टर होती, म्हणजे दशांशच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्याला कळवायच्या, हे तिचं काम. तो "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय" असं लिहून तक्रार बंद करी. ती दहा मिनिटांत तीच तक्रार पुन्हा उघडी, म्हणजे 'रीओपन' करी. असं दीड वर्ष चाललं होतं.

"कसं वाटतंय रे?" तिनं विचारलं.

"हसू नकोस. खरंच खाली जाते."

"जात असेल ना. पण पुरावा? दोष कसा घडवून आणायचा, ते पायरीपायरीनं लिही. मला सांगतोस ना नेहमी?"

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. पायरी एक: खुर्चीत बसा. पायरी दोन: बसून राहा. अपेक्षित परिणाम: माणूस होता तिथेच. प्रत्यक्ष परिणाम: माणूस खाली.

"छान," रीओपन म्हणाली. "आलेख जोड. आणि वजन लिही तुझं, मामांच्या दुप्पट आहे ते."

"दुप्पट नाही. एक पूर्णांक सहा पट."

हे सगळं थेट मुख्य ऑफिसच्या आसन विभागाकडे गेलं. जगभरातल्या एकतीस शाखांमधल्या खुर्च्यांचा हा विभाग, आणि प्रत्येक खुर्चीला तिचा नंबर. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि अतिशय सभ्य होतं. खुर्चीचं आयुष्य सात वर्षं ठरलेलं आहे. आपल्या खुर्चीला चार झाली आहेत. त्यामुळे ती बिघडलेली असू शकत नाही. मात्र कर्मचाऱ्याच्या प्रकृतीला गरज असेल तर वेगळी खुर्ची मिळते. सोबतचा फॉर्म भरावा.

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता: आपली कंबर दुखते का?

दशांशनं "नाही" निवडलं. फॉर्मनं त्याच्या उत्तम आरोग्याबद्दल आनंद व्यक्त केला आणि तो बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा "नाही", पुन्हा आनंद. तिसऱ्या वेळी दशांश विचारात पडला. वैज्ञानिक दृष्टीनं पाहिलं तर ज्याची कंबर अगदी शून्य दुखते असा बसून काम करणारा माणूस पृथ्वीवर असेल का? नसेल. मग "हो" हे उत्तर खोटं कसं? त्यानं "हो" निवडलं. पुढे विचारलं होतं, शून्य ते दहामध्ये किती दुखते? त्यानं सकाळी वाकून बूट बांधताना जाणवलं होतं ते आठवलं, चार वेळा वाकून खात्री केली आणि प्रामाणिकपणे आकडा टाकला: तीन पूर्णांक दोन.

दुसऱ्या कुणी तीन टाकले असते आणि सुटला असता. त्या फॉर्मला अपूर्णांक कळत नव्हते. आरोग्याचा प्रश्न म्हणून तो अपूर्णांकाला वरच्या पूर्ण आकड्यावर नेत असे. तीन पूर्णांक दोनचे चार झाले. आणि तीनपर्यंत हिरवं, चारपासून पुढे लाल, अशी त्यांची रचना होती.

लाल झाल्यावर तीन गोष्टी आपोआप घडल्या.

पहिली, पानामामा पिवळी पट्टी घेऊन आले आणि त्यांनी ती खुर्चीभोवती गुंडाळली. "ही बसायला धोक्याची आहे म्हणे," ते म्हणाले.

"मीच तर सांगत होतो!"

"तुम्ही सांगत होतात खुर्ची बिघडलीय. ती ठणठणीत आहे. तुम्ही बिघडलाय." नवी खुर्ची बोटीनं नऊ आठवड्यांत येणार होती. तोवर कमरेसाठी उत्तम म्हणून कंपनीनं हवा भरलेला एक मोठा निळा चेंडू मंजूर केला होता. मॅनेजरनं पुढच्या कॉलनंतर सांगितलं की समुद्रापलीकडच्या बाई पुन्हा चौकशी करत होत्या. आधी तो नुसता खाली जायचा, आता वर-खाली होतो.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटरमध्ये घडली. दर वीस मिनिटांनी पडद्यावर हसऱ्या चेहऱ्याची एक चित्रातली बाई येई आणि सगळं काम झाकून टाकी. उभे राहा, कमरेत वाका, दोन मिनिटं हात जमिनीकडे. माणूस खरंच वाकतो आहे की नाही ते ती कॅमेऱ्यातून बघे. नाही वाकला तर जात नसे. ती बंद करायचा उपाय दशांशनं शोधला. तो एकच होता: बरं झाल्याचं कंपनीच्या डॉक्टरांचं पत्र. डॉक्टरांची सगळ्यात जवळची वेळ महिनाअखेरीची होती.

तिसरी गोष्ट म्हणजे मुख्य ऑफिसच्या नर्सबाईंनी घरच्या नंबरवर फोन केला. तो आईनं उचलला. परकी भाषा, त्यात लांबचा आवाज. आईला त्यातला "स्पाइन" हा एकच शब्द कळला, पण तेवढा पुरला.

दशांश घरी आला तेव्हा दिवाणखान्यात बरीच माणसं होती.

"लपवून ठेवलंस ना?" आई म्हणाली. "परदेशातल्या नर्सला माहीत आहे, आणि जन्मदात्या आईला नाही!"

"अगं आई, काही झालेलं नाही. खुर्चीसाठी—"

"खुर्चीसाठी जीव टाकू नकोस बाळा. लीड नाही झालास तरी चालेल."

तो बायकोकडे वळला. ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे रोखून बघत होती. "तू फॉर्मवर खोटं लिहिलंस?" तिनं हळूच विचारलं.

"खोटं नाही. शून्यापेक्षा जास्त."

"मग आता भोग शून्यापेक्षा जास्त."

खालच्या मजल्यावरच्या काकू गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या होत्या, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बर्फाची. गरम की गार यावर त्यांचं जुंपलं, आणि तडजोड म्हणून दशांशला आलटून पालटून दोन्ही लावायचं ठरलं. पण खरा मान शेजारच्या काकांचा होता. ते शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मणका सरकला होता, आणि तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणालाही शिंक आली तरी ते तिचं मूळ मणक्यात शोधत.

"गादी!" काका म्हणाले. "सगळा घोळ गादीचा. गादी काढा. टणक पाहिजे. मी माझे बोर्ड देतो."

आणि त्यांनी खरंच आपले दोन मोठे ड्रॉइंगबोर्ड आणले. चाळीस वर्षं मुलांनी त्यांच्यावर पंचकोन काढले होते. पलंगावर ते एकापुढे एक मांडले तेव्हा दोहोंमध्ये दोन सेंटिमीटरची फट राहिली, आणि ती बरोबर दशांशच्या कमरेखाली आली.

"काका, फट आहे इथे."

"असू दे. हवा खेळती राहते."

पहिल्या सकाळी तो उठला तेव्हा कमरेवर एक आडवी रेघ उमटली होती. तिसऱ्या सकाळी बूट बांधायला बायकोला खाली बसावं लागलं. तिनं नाडी आवळता आवळता विचारलं, "बोर्ड काढून टाकू?"

"आईला काय सांगायचं?"

"खरं सांग."

"गुरुवार होऊ दे. एकदा लीड झालो की सगळं सांगतो."

पाचव्या दिवसापासून तो चेंडूवर ताठ बसू लागला. मॅनेजरला वाटलं, आत्मविश्वास आला.

गुरुवारची आखणी त्यानं मिनिटामिनिटानं केली होती. चित्रातली बाई दर वीस मिनिटांनी येते. आपलं बोलणं आणि प्रोग्रामचा निकाल मिळून साडेअठरा मिनिटांत संपतं. म्हणजे पाच वाजायच्या आत एकदा वाकून घ्यायचं, मग बाई पाच-वीसपर्यंत येत नाही. दीड मिनिट हातात राहतं. रीओपनला त्यानं शेजारी बसवून घेतलं, कारण बड्या साहेबांनी अडचणीचे प्रश्न विचारले तर प्रोग्राममधल्या यच्चयावत अडचणी तिला पाठ होत्या.

"मॅनेजर धरलेस का आखणीत?" तिनं विचारलं.

"ते फक्त स्वागत करणार आहेत. चाळीस सेकंद."

मॅनेजरनं सहा मिनिटं स्वागत केलं. शाखेचा इतिहास सांगितला, इमारतीतल्या लिफ्टची संख्या सांगितली. दशांश चेंडूवर बसून घड्याळ बघत होता आणि घाम पुसत होता. शेवटी त्याची पाळी आली. तो भराभर बोलला, साडेअठराचं चौदात बसवायचा प्रयत्न केला, आणि खोकी पडद्यावर एकेक करून फळ्यांवर चढू लागली. समुद्रापलीकडे लांबलचक टेबलाशी सात माणसं बसली होती. बडे साहेब पुढे झुकून बघत होते. आता शेवटचा आकडा येणार, जुन्या पद्धतीपेक्षा किती जागा वाचली ते दिसणार, आणि—

हसऱ्या चेहऱ्याची बाई आली. सगळी खोकी झाकली गेली. उभे राहा, असं ती म्हणाली.

"हे काय आहे?" बड्या साहेबांनी विचारलं.

"सर, हा... आरोग्याचा नियम आहे," दशांश म्हणाला. "दोनच मिनिटं."

त्याला वाटलं होतं, ते चिडतील. पण तो नियम त्यांनीच केलेला होता. बडे साहेब गंभीरपणे उठले. त्यांना बघून उरलेले सहाजणही उठले. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी ते म्हणाले, आणि समुद्रापलीकडची सात सुटातली माणसं एका रांगेत कमरेत वाकली.

आता दशांशला वाकणं भागच होतं. आठ रात्रींची कंबर घेऊन तो उठला, हात पुढे केले आणि खाली गेला. चित्रातली बाई खूश झाली. दोन मिनिटांनी ती निघून गेली. सात माणसं सरळ झाली, खुर्च्यांवर बसली, टाय नीट केले.

दशांश वर आला नाही.

"झालं रे, ऊठ," रीओपन कुजबुजली.

"उठता येत नाहीये," टेबलाच्या उंचीवरून आवाज आला.

"म्हणजे?"

"म्हणजे अडकलो. तू बोल. आकडा आलाय बघ पडद्यावर. बोल!"

रीओपननं पडद्याकडे पाहिलं, वाकलेल्या दशांशकडे पाहिलं आणि कॅमेरा स्वतःकडे वळवला. "तर बावीस टक्के जागा वाचली," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. बडे साहेब एकामागून एक प्रश्न टाकत होते. खोकं फुटलेलं असेल तर? फळी ऐन वेळी भरली तर? दोन गाड्या एकदम आल्या तर? दीड वर्षात हे सगळे प्रश्न तिनं दशांशला विचारले होते, आणि प्रत्येकाच्या पायी त्यानं तिच्याशी भांडून शेवटी प्रोग्राम दुरुस्त केला होता. त्यामुळे उत्तरं तयार होती. खाली जमिनीकडे बघत दशांश ती ऐकत होता. एका उत्तरात तिनं सेकंद चुकीचे सांगितले तेव्हा तो खालून "चार पूर्णांक सात" असं ओरडलाही, पण माइकपर्यंत ते पोचलं नाही.

कॉल संपल्यावर पानामामांनी आणि मॅनेजरनं त्याला तशाच कोनात लिफ्टपर्यंत नेलं. गाडीच्या मागच्या सीटवर त्याला आडवं घातलं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्नायू आखडल्याचं सांगून आठ दिवस विश्रांती दिली आणि विचारलं, "फळ्यांवर झोपायला कुठल्या शहाण्यानं सांगितलं?" ड्रॉइंगमास्तर काका तिथेच उभे होते. त्यांनी भिंतीवरचा मणक्यांचा तक्ता बारकाईनं न्याहाळायला सुरुवात केली.

पलंगावर गादी परत आली. त्यानंतर दशांशनं आईला सगळं खरं सांगितलं, फॉर्मपासून फटीपर्यंत. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या नर्सला आधीच दिसलं होतं बघ. मशीनं असतात त्यांच्याकडे."

आठव्या दिवशी रीओपन भेटायला आली. हातात कागदाची एक लांब सुरळी होती. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि बराच वेळ सुरळीशी चाळा करत राहिली.

"प्रोग्राम घेतला त्यांनी," ती म्हणाली. "सगळ्या शाखांसाठी."

"आणि?"

"आणि लीड मला केलंय." तिनं एका दमात सांगून टाकलं. "मी सांगितलं रे त्यांना, हे सगळं काम त्याचं आहे. ते म्हणाले, हो, पण तो तेव्हा खाली होता. शिवाय लीडला दिवसाला सहा तास कॉलवर बसावं लागतं, आणि तुझ्या नावापुढे लाल आहे. वीस मिनिटांच्या वर बसायला तुला परवानगीच नाही."

दशांश छताकडे बघत होता. दीड वर्षाचं काम, आणि तो तेव्हा खाली होता! राग यावा असं त्याला फार वाटत होतं. पण त्या वेळी ती नसती तर प्रोग्रामही राहिला नसता, हेही त्याला अगदी नेमकं माहीत होतं, आणि नेमकं माहीत असलं की रागावता येत नाही.

"उत्तरं चांगली दिलीस," तो शेवटी म्हणाला. "एक सोडून."

"माहितीये. चार पूर्णांक सात. नंतर पत्र पाठवून दुरुस्त केलं." तिला हायसं वाटलं. "आणि तुझ्यासाठी हे आलंय. बडे साहेब तुझ्यावर भलतेच खूश आहेत. म्हणाले, एवढ्या मोक्याच्या क्षणीसुद्धा या माणसानं नियम सोडला नाही, आणि आम्ही सगळे उठलो तरी हा वाकलेलाच होता."

तिनं सुरळी उलगडली. कॉलमधून काढलेलं ते चित्र होतं, माणसाएवढ्या उंचीच्या पोस्टरवर: निळा चेंडू, टेबलाची कड, आणि मधोमध कमरेत काटकोनात वाकलेला एक माणूस. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "कामाआधी कणा." ते सगळ्या शाखांत लावायला मॅनेजरनं शाखेच्या वतीनं परवानगी देऊन टाकली होती.

"रेषा बघा कशी सरळ आहे!" दारातून आत येत काका म्हणाले. "बोर्डांचा गुण."

बायकोनं पोस्टर उलटसुलट करून पाहिलं. "चेहरा कुठाय याचा?"

"चेहरा पलीकडच्या बाजूला गेलाय," दशांश म्हणाला. "बरंच आहे."

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा होता. दशांशनं डोळे मिटून घेतले. मावशी काय विचारणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि आई काय सांगणार याची सगळ्यांनाच धास्ती होती. आई मात्र फोन घेऊन पोस्टरसमोर जाऊन उभी राहिली.

"नाही गं, लीड नाही झाला," ती म्हणाली. "अगं लीडचं काय, एका ऑफिसात एक असतोच. आमच्याकडे आत्ता बसलीये एक, गुणी मुलगी आहे. आमचा एकतीस ऑफिसांच्या भिंतींवर आहे... हो, मोठा फोटो... नाही, चेहरा दिसत नाही. तेवढी नम्रता आहेच त्याच्यात."